स्थान कोणाचे? बोस्टन नगरीतील स्मारके व संग्रहालये : एक चिकित्सा

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील बोस्टन हे नगर १६३० मध्ये वसले. त्या देशाच्या मानाने हे अतिप्राचीन नगर होय. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची ठिणगी येथे पडली, गुलामगिरीविरोधी चळवळीचा एक प्रमुख गड येथे उभा राहिला आणि आशिया खंडाबाहेरील बौद्ध कलेचा एक फार मोठा संग्रहही येथेच जमला. त्यामुळे प्रतिवर्षी जगभरातून असंख्य प्रवासी या नगराची स्मारके व संग्रहालये पाहण्यासाठी येतात. त्यांत अलीकडे मराठी बौद्ध कुटुंबेही असतात. कोणी शिक्षणासाठी गेलेले असतात, तर कोणी तेथे स्थायिक झालेल्या मुलामुलींना भेटावयास गेलेले असतात.

प्रवासवर्णनाच्या अंगाने या नगरावर पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे तो हेतू नाही. स्मारक आणि संग्रहालय या दोन्ही संस्था वस्तू जपतात, असे आपण समजतो. वस्तुतः त्या वस्तूंची मांडणी करतात, आणि मांडणी म्हणजे निवाडा असतो. कोणाला उंचावर बसविले, कोणाला पायाशी ठेवले, कोणाचे नाव कोरले व कोणाचे वगळले, यांवरून त्या समाजाची स्मृती कोणाच्या हाती आहे हे कळते. ज्या समाजाला पाणवठ्यावर, शाळेत व देवळाच्या दारात त्याचे 'स्थान' पिढ्यान्‌पिढ्या दाखवून दिले गेले, त्या समाजाच्या अभ्यासकाला हा प्रश्न गौण वाटणे शक्य नाही. या दृष्टीने बोस्टनमधील काही निवडक स्थळांची चिकित्सा करण्याचा हा प्रयत्न आहे.

दोन मार्ग

बोस्टनमध्ये 'फ्रीडम ट्रेल' म्हणजे स्वातंत्र्यमार्ग नावाचा सुमारे अडीच मैलांचा पायी फिरण्याचा मार्ग आहे. विल्यम स्कोफिल्ड या पत्रकाराच्या सूचनेवरून १९५१ मध्ये तो आखला गेला. रस्त्यावरील तांबड्या विटांच्या रेघेने तो दर्शविलेला असून त्यावर सोळा ऐतिहासिक स्थळे आहेत. प्रवाशाने ती रेघ धरून चालावे व अमेरिकेच्या स्वातंत्र्याची कथा क्रमाने पाहावी, अशी ही योजना आहे. लोकशिक्षणाचे साधन म्हणून ती यशस्वी ठरली, हे मान्य केले पाहिजे. नगराचा इतिहास पायाखालच्या रेघेने जोडण्याची ही कल्पना आपल्याकडेही अनुकरणीय आहे.

परंतु या रेघेवरील स्थळे थोडी खरवडून पाहिली की वेगळीच गोष्ट दिसू लागते. 'स्वातंत्र्याचा पाळणा' म्हणून गौरविलेले फॅन्युइल हॉल १७४२ मध्ये पीटर फॅन्युइल या व्यापाऱ्याने नगराला बांधून दिले. त्याच्या संपत्तीचा काही भाग गुलामांच्या व्यापारातून आलेला होता. ज्या सभागृहात स्वातंत्र्याची भाषणे झाली, त्याच्या उभारणीला माणसांच्या विक्रीचा पैसाही लागला होता. याच सभागृहात पुढे गुलामगिरीविरोधी सभाही झाल्या, हेही तितकेच खरे. त्याचे नाव बदलावे असा ठराव बोस्टनच्या नगरपरिषदेने २०२३ मध्ये केला. मात्र तो बंधनकारक नव्हता.

५ मार्च १७७० रोजी ब्रिटिश सैनिकांच्या गोळीबारात जे नागरिक पडले, त्यांत क्रिस्पस अटक्स हा आफ्रिकी व मूळनिवासी वंशाचा खलाशी होता. अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी ज्यांचे रक्त प्रथम सांडले त्यांत त्याची गणना होते. तरीही या घटनेचे स्मारक बोस्टन कॉमन या सार्वजनिक मैदानात १८८८ मध्ये, म्हणजे शतकाहून अधिक काळाने उभे राहिले, आणि तेही नगरातील प्रतिष्ठित इतिहासमंडळाचा विरोध पत्करून. ओल्ड साउथ मीटिंग हाउस या प्रार्थनागृहाशी फिलिस व्हीटली या गुलाम कवयित्रीचे नाव जोडलेले आहे. १७६१ मध्ये बालवयात जहाजातून आणून विकलेल्या या मुलीचा काव्यसंग्रह १७७३ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाला. या कविता तिनेच रचल्या आहेत, अशी बोस्टनमधील अठरा प्रतिष्ठित पुरुषांची ग्वाही त्यास जोडावी लागली. दलिताच्या लेखणीकडे संशयाने पाहण्याची वृत्ती आपल्याच देशात जन्मली नाही, एवढे यावरून दिसते.

या नगरात दुसराही एक मार्ग आहे. बीकन हिल या टेकडीवरील जुन्या कृष्णवर्णीय वस्तीतून जाणारा हा 'ब्लॅक हेरिटेज ट्रेल' सुमारे १.६ मैलांचा आहे. त्यावर तांबडी रेघ नाही. पहिला मार्ग सर्वांचा आणि दुसरा जिज्ञासूंचा, अशी ही अलिखित विभागणी आहे. इतिहास दोन रस्त्यांवर वाटून दिला की पहिल्या रस्त्यावरून चालणाऱ्याला आपण संपूर्ण इतिहास पाहिला असे समाधान लाभते. हा या योजनेतील सर्वांत मोठा दोष होय.

सभागृहातील माडी

दुसऱ्या मार्गावरील आफ्रिकन मीटिंग हाउस ही वास्तू १८०६ मध्ये पुरी झाली. कृष्णवर्णीयांच्या प्रार्थनागृहांपैकी आज अमेरिकेत उभी असलेली ही सर्वांत जुनी इमारत मानली जाते. तिचे बांधकाम बहुतांशी कृष्णवर्णीय श्रमिकांनी केले. गोऱ्यांच्या चर्चमध्ये त्यांना माडीवर बसावे लागे, मताचा अधिकार नसे. म्हणून त्यांनी स्वतःचे सभागृह उभारले. आणि त्याच्या उद्घाटनाच्या दिवशी काय घडले? तळमजल्यावरील आसने आफ्रिकी लोकांविषयी सद्भाव बाळगणाऱ्या पाहुण्यांसाठी राखून ठेवण्यात आली आणि ज्यांनी ही वास्तू बांधली ते स्वतःच्याच घरात माडीवर बसले.

ही एक घटना कित्येक ग्रंथांहून बोलकी आहे. विषमता कायद्यात असते त्याहून अधिक खोल ती सवयीत असते, आणि पीडिताच्या हातूनही ती स्वतःच्या घरात मांडली जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बाह्य बंधनांइतकाच मनाच्या गुलामीवर प्रहार का केला, हे येथे लक्षात येते. सुदैवाने या वास्तूची कथा येथेच थांबत नाही. ६ जानेवारी १८३२ रोजी विल्यम लॉइड गॅरिसन यांनी न्यू इंग्लंड अँटी-स्लेव्हरी सोसायटीची स्थापना याच सभागृहात केली. पुढे फ्रेडरिक डग्लस यांची वाणी येथे घुमली. विसाव्या शतकात ही वास्तू ज्यू समाजाचे प्रार्थनागृह झाली. १९७२ मध्ये आफ्रिकन-अमेरिकन इतिहास संग्रहालयाने ती घेतली आणि तिचा जीर्णोद्धार केला.

मराठी वाचकाला या टेकडीचे आणखी एक नाते आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला आहे. ती अर्पणपत्रिका ज्या चळवळीला उद्देशून आहे, तिच्या आरंभीच्या बैठकांपैकी एक या सभागृहात झाली. पुण्यात बसून जोतीरावांनी जे नाते ओळखले, ते येथे येणाऱ्या आपल्या प्रवाशांना ठाऊक असतेच असे नाही.

शेजारीच अबिएल स्मिथ शाळेची १८३५ मधील इमारत आहे. कृष्णवर्णीय मुलांसाठीच बांधलेली ही सार्वजनिक शाळा होती. बेंजामिन रॉबर्ट्स या मुद्रकाची पाच वर्षांची कन्या सारा हिला घराजवळच्या गोऱ्यांच्या पाच शाळा ओलांडून या शाळेकडे जावे लागे. पित्याने न्यायालयात दाद मागितली. रॉबर्ट मॉरिस व चार्ल्स सम्नर यांनी बाजू मांडली. मुख्य न्यायमूर्ती लेम्युएल शॉ यांनी १८५० मध्ये निर्णय विरुद्ध दिला आणि १८९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'वेगळे पण समान' हे तत्त्व मान्य करताना त्याचा आधार घेतला. तथापि कृष्णवर्णीय पालकांनी लढा सोडला नाही. त्यांनी या शाळेवर बहिष्कार टाकला, आणि १८५५ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने कायद्याने शाळांतील वर्णभेद बंद केला. साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या तरटावर वेगळे बसलेल्या भिवाची आठवण ज्या समाजाने उराशी जपली आहे, त्याला सारा रॉबर्ट्सची ही शाळा परकी वाटणार नाही.

घोडा आणि पायदळ

हे दोन्ही मार्ग राज्यविधानभवनासमोर एकमेकांजवळ येतात. तेथे कर्नल रॉबर्ट गोल्ड शॉ आणि चोपन्नावी मॅसॅच्युसेट्स पलटण यांचे ब्राँझचे उठावशिल्प आहे. यादवी युद्धात उत्तरेकडे उभारलेल्या कृष्णवर्णीयांच्या पहिल्या पलटणींपैकी ही एक. १८ जुलै १८६३ रोजी फोर्ट वॅग्नरवरील हल्ल्यात शॉ यांच्यासह तिचे अनेक सैनिक पडले. ऑगस्टस सेंट-गॉडन्स या शिल्पकाराने दशकाहून अधिक काळ खपून केलेले हे शिल्प १८९७ मध्ये खुले झाले.

कलाकृती म्हणून हे शिल्प श्रेष्ठ आहे, यात संशय नाही. शिल्पकाराने कृष्णवर्णीय माणसांना समोर बसवून प्रत्येक सैनिकाचा चेहरा स्वतंत्रपणे घडविला. कोणी प्रौढ, दाढी वाढलेला. कोणी मिसरूड न फुटलेला. त्या काळी गोऱ्या कलावंतांच्या हातून कृष्णवर्णीयांची बहुधा व्यंगचित्रेच निघत. त्या पार्श्वभूमीवर हे चेहरे माणसांचे चेहरे आहेत, हे मोठे यश होय. परंतु रचना पाहा. मध्यभागी अश्वारूढ गोरा सेनानी, आणि घोड्याच्या मागेपुढे पायी चालणारे सैनिक. पाठीमागच्या बाजूस धारातीर्थी पडलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. सैनिकांना चेहरे मिळाले, परंतु नावे मिळाली नाहीत. फोर्ट वॅग्नर येथे पडलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांची नावे त्या दगडावर येण्यास १९८० चे दशक उजाडावे लागले.

हे सैनिक केवळ सेनानीच्या मागे चालणारे नव्हते. गोऱ्या सैनिकांना महिना १३ डॉलर वेतन असता यांना १० डॉलर, व त्यातूनही कपड्यांसाठी ३ डॉलर वजा करून देऊ करण्यात आले, तेव्हा त्यांनी ते वेतनच नाकारले. दीड वर्ष बिनपगारी लढून त्यांनी समान वेतन मिळविले. हा स्वाभिमान ब्राँझमध्ये उतरलेला नाही.

येथे कार्ले लेण्यातील चैत्यगृहाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. त्याच्या दर्शनी भागावर दार घडविणाऱ्या सामी नावाच्या सुताराचे नाव कोरलेले आहे, आणि दाराचे दान देणाऱ्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचेही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध संघाच्या परंपरेत श्रमिकाच्या नावाला दगडावर स्थान होते. आधुनिक लोकशाहीच्या स्मारकात ते यायला आठ दशकांहून अधिक काळ लागावा, हा विरोधाभास विचार करायला लावणारा आहे.

अंधाऱ्या दालनातील बुद्ध

बौद्ध वाचकाच्या दृष्टीने या नगरातील सर्वांत महत्त्वाचे स्थळ म्हणजे ललितकला संग्रहालय. १८७० मध्ये स्थापन झालेली ही संस्था १९०९ पासून हंटिंग्टन ॲव्हेन्यूवरील विद्यमान वास्तूत आहे. बोस्टनचा बौद्ध धम्माशी परिचय मात्र त्याहून जुना आहे. येथील एलिझाबेथ पीबॉडी या विदुषीने बुर्नूफ यांच्या फ्रेंच अनुवादावरून सद्धर्मपुंडरीक सूत्राचा एक अंश इंग्रजीत आणला आणि तो जानेवारी १८४४ मध्ये 'द डायल' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुस्तकातून आलेल्या बुद्धामागोमाग मूर्तीतून बुद्ध आले.

ते कसे आले, हे जाणणे आवश्यक आहे. १८६८ मध्ये जपानच्या नव्या राजवटीने शिंतो व बौद्ध उपासना एकमेकींपासून अलग करण्याचा हुकूम काढला. त्यातून बौद्धविरोधी लाट उसळली. विहार बंद पडले, भिक्षूंना चीवर उतरवावे लागले, मूर्ती जाळल्या वा कवडीमोलाने विकल्या गेल्या. अशा काळात अर्नेस्ट फेनोलोसा व डॉ. विल्यम स्टर्जिस बिगेलो हे दोघे बोस्टनपरिसरातील विद्वान जपानमध्ये होते. त्यांनी हजारो वस्तू जमविल्या आणि त्या या संग्रहालयात पोहोचल्या. हे दोघे केवळ संग्राहक नव्हते. त्यांनी तेथे बौद्ध दीक्षा घेतली होती. बिगेलो यांच्या अस्थींचा एक भाग जपानमधील मिइदेरा विहाराच्या परिसरात आहे. तेव्हा हा संग्रह म्हणजे निव्वळ लूट असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु तो निव्वळ संरक्षण होता असे म्हणणेही भोळेपणाचे होईल. एका राजसत्तेने धम्मावर संकट आणले आणि त्या संकटाच्या बाजारात या मूर्ती विकत मिळाल्या, हे सत्य आहे.

१९०९ मध्ये या संग्रहालयात जपानी विहाराच्या धर्तीवर एक मंद प्रकाशाचे दालन रचण्यात आले. त्यात सात काष्ठमूर्ती आहेत. अलीकडे त्यांच्या जतनाचे काम प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत करण्यात आले आणि २०२४ मध्ये दालन पुन्हा खुले झाले. या दालनाचा परिणाम गंभीर व शांत आहे. पाश्चात्त्य संग्रहालयांत बुद्धमूर्ती बहुधा काचेच्या कपाटात, झगझगीत दिव्याखाली, नमुन्यासारख्या ठेवलेल्या असतात. त्या मानाने येथे मूर्तीच्या मूळ स्थानाचे भान राखले आहे. तरीही हे दालन विहार नव्हे. विहारात संघ असतो, धम्मदेसना असते, उपासक असतात. येथे उरते ते वातावरण. धम्मातून आचार वगळला की जे गूढरम्य शिल्लक राहते, तेच प्रेक्षकाला बौद्ध धम्म म्हणून भेटते. दुःखाचे कारण शोधणारा, वर्णश्रेष्ठत्व नाकारणारा, न्हावी उपालीला संघात मानाचे स्थान देणारा तथागत त्या अंधारात दिसत नाही.

याच संग्रहातील काइकेई या शिल्पकाराची ११८९ मधील मैत्रेय बोधिसत्त्वाची मूर्ती नारा येथील कोफुकुजी विहारातील आहे. तिच्या पोटात सूत्राची गुंडाळी आढळली. श्रद्धावंतांनी मूर्तीत धम्मवचन ठेवले होते. संग्रहालयाच्या दृष्टीने तो मूर्तीच्या काळाचा पुरावा ठरला. एकाच वस्तूकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी आहेत. दोन्ही आवश्यक आहेत, परंतु फलकावर बहुधा दुसरीच उमटते.

कुमारस्वामींची दृष्टी

भारतीय विभागाविषयी अधिक परखडपणे लिहिणे भाग आहे. १९१७ मध्ये आनंद कुमारस्वामी आपल्या संग्रहासह या संस्थेत आले आणि १९४७ मध्ये निधन होईपर्यंत तेथेच राहिले. त्यांची विद्वत्ता निर्विवाद होती. बुद्धमूर्ती ग्रीकांनी भारताला दिली, या फूशे यांच्या मताचे त्यांनी १९२७ च्या निबंधात खंडन केले आणि मथुरेच्या यक्षमूर्तींच्या देशी परंपरेतून बुद्धप्रतिमेचा उगम दाखविला. सांचीच्या यक्षीचे भग्न शिल्प या संग्रहालयात आहे. त्याच्यासमोर उभे राहिले असता या सिद्धान्ताचे बळ जाणवते. याबद्दल भारतीय कलेतिहास त्यांचा ऋणी आहे.

परंतु याच विद्वानाने वर्णव्यवस्थेला आदर्श समाजरचना म्हणून गौरविले आणि उत्तरकाळात बौद्ध व ब्राह्मणी विचार मुळात एकच आहेत, असे प्रतिपादन केले. डॉ. बाबासाहेबांनी याच्या नेमके उलट प्रतिपादन केले. प्राचीन भारताचा इतिहास म्हणजे बौद्ध धम्म व ब्राह्मणधर्म यांच्यातील संघर्षाचा इतिहास होय, असे त्यांनी दाखवून दिले. कुमारस्वामींच्या ग्रंथांतून पश्चिमेने भारतीय कला वाचली. त्यामुळे शिवाचे नृत्य आणि बुद्धाचे मौन एकाच 'भारतीय अध्यात्मा'चे दोन आविष्कार ठरले, आणि या दोहोंमधील सामाजिक संघर्ष पुसला गेला. सौंदर्याची एकता दाखविताना मूल्यांचा विरोध लपविणे ही टीकाशास्त्रातील गंभीर चूक होय. तिचे परिमार्जन अद्याप पुरेसे झालेले नाही.

धातू परतले, करंडक राहिला

या चर्चेला अलीकडच्या एका घटनेने नवे वळण दिले आहे. १९३९ मध्ये या संग्रहालयाने चौदाव्या शतकातील कोरियाचा एक चांदीचा, सोन्याचा मुलामा दिलेला स्तूपाकार धातुकरंडक व्यापाऱ्याकडून विकत घेतला. त्या वेळी कोरिया जपानच्या अमलाखाली होता. करंडकात तथागताचे म्हणून पूजिलेले धातू, तसेच नाओंग व जिगोंग या भिक्षूंचे धातू होते. यांपैकी जिगोंग म्हणजे १३२६ मध्ये कोरियात पोहोचलेले भारतीय भिक्षू ध्यानभद्र. ते मगधचे असून नालंदा येथे शिकले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले आहे. मगधाच्या भिक्षूचा धातू कोरियात पूजिला जावा आणि तेथून बोस्टनच्या संग्रहात यावा, हा प्रवास चकित करणारा आहे.

कोरियातील जोग्ये संघाने २००९ पासून मागणी लावून धरली. संग्रहालय धातू देण्यास तयार होते, परंतु करंडक देण्यास नव्हते. कोरियाचा आग्रह दोन्हींसाठी होता. वाटाघाटी अनेक वर्षे खुंटल्या. अखेर २०२४ मध्ये समझोता झाला आणि त्या वर्षी एप्रिलमध्ये धातू जोग्ये संघाच्या स्वाधीन करण्यात आले. करंडक संग्रहालयाकडे राहिला.

हा निर्णय स्वागतार्ह आहे, तरी त्यातील भेद पाहण्याजोगा आहे. धातू हा श्रद्धेचा विषय म्हणून परत, आणि करंडक ही कला म्हणून आपला, असा हा न्याय आहे. ज्या उपासकांनी करंडक घडविला त्यांच्या मनात अशी फाळणी नव्हती. सारिपुत्त व मोग्गल्लान यांचे धातू एकोणिसाव्या शतकात मध्य भारतातील स्तूपांतून काढून लंडनला नेण्यात आले होते. ते पुढे परतले आणि १९५२ मध्ये सांची येथे पुनःस्थापित झाले. पिपरहवा येथील धातूंसमवेत निघालेली रत्ने मे २०२५ मध्ये हाँगकाँग येथे लिलावात निघणार होती; भारत सरकारच्या हरकतीनंतर लिलाव स्थगित झाला आणि जुलै २०२५ मध्ये ती भारतात आली. या तिन्ही उदाहरणांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. मागणी करणारा संघटित समाज पाठीशी असेल तरच संग्रहालयाची दृष्टी बदलते.

आपले कर्तव्य

बोस्टनच्या संस्थांचे गुणही सांगितले पाहिजेत. कृष्णवर्णीयांचे सभागृह व शाळा त्यांच्याच इतिहासाच्या संस्थेने जपली, सैनिकांची नावे उशिरा का होईना दगडावर आली, धातू परत गेले. या प्रत्येक दुरुस्तीमागे कोणाचे तरी दीर्घ परिश्रम आहेत. ती आपोआप झालेली नाही.

म्हणून तेथे जाणाऱ्या आपल्या बांधवांनी तांबड्या रेघेवरच थांबू नये. बीकन हिलवरील सभागृहाची माडी अवश्य पाहावी. ललितकला संग्रहालयात गेल्यास मूर्तीपुढे हात जोडावेत आणि फलकही वाचावा. मूर्ती कोठून, कोणाकडून व कोणत्या परिस्थितीत आली हे त्यावर लिहिले आहे काय, याची विचारणा करावी. संग्रहालये अशा पत्रांची दखल घेतात.

तोच निकष आपण स्वतःलाही लावला पाहिजे. सोपारा येथील स्तूपातून १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी बाहेर काढलेले अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेले. नालासोपाऱ्याच्या स्तूपाला भेट देणाऱ्या किती उपासकांना हे ठाऊक असते? आपल्या गावोगावच्या विहारांत चळवळीसाठी झिजलेल्या कार्यकर्त्यांची, जलशांतील शाहिरांची, पहिल्या पिढीच्या शिक्षिकांची नावे कोठे नोंदली आहेत काय? बुद्धमूर्ती बसविताना ती घडविणाऱ्याचे नाव आपण लिहितो काय? कार्ल्याच्या सुताराला जे स्थान मिळाले, ते आपल्या विहारांत आजच्या श्रमिकाला मिळावे. त्यासाठी नव्या इमारतीची गरज नाही. एक वही, एक फलक आणि वयोवृद्धांना विचारून नोंद करणारे दोन तरुण एवढ्यावर या वर्षावासातच आरंभ करता येईल.